'प्रभू आहे ना!' हे कोणी कोणाला म्हणायचे?

एखादा पाळक मुदतीआधीच राजीनामा देतो. एखादा सुवार्तिक कित्येक वर्षांची सेवा सोडून एमआयडीसीत नोकरी धरतो. एखाद्या सेवकाच्या आजारपणात, किंवा त्याच्यावर खोटानाटा आरोप झाला की, कालपर्यंत घरी येणारी माणसे रस्ता बदलून जाऊ लागतात. मग आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, माणसांकडे पाहिले म्हणून खचला. प्रभूकडे पाहिले असते तर टिकला असता. दुसरी बाजू म्हणते, विश्वासाच्या या सगळ्या गोष्टी सेवकांना फुकट राबवून घेण्यासाठी आहेत. सेवा ही नोकरी समजा, करार करा, पगार द्या आणि विषय संपवा. दोन्हीकडे वचने तोंडपाठ असतात. ज्याच्यावरून वाद चालला आहे तो माणूस मात्र घरात एकटा बसलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी जात नाही. माझे म्हणणे असे आहे: सर्वांनी सोडले तरी देव सोडत नाही, हे अक्षरशः खरे आहे. पण ती सोडल्या गेलेल्याने द्यायची साक्ष आहे. सोडून जाणाऱ्याने, किंवा काठावर उभे राहून पाहणाऱ्याने, ती त्याला उपदेश म्हणून ऐकवायची नसते. 'प्रभू माझ्याजवळ उभा राहिला' असे पौल म्हणू शकतो. 'पौला, प्रभू आहे ना, मग आम्ही कशाला?' असे म्हणण्याचा अधिकार त्याला सोडून गेलेल्या देमासाला कोणी दिला?

या वादात सर्वांत जास्त वापरला जाणारा उतारा कैदेतल्या पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायातला आहे. पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूने कोणी उभे राहिले नाही, सर्व मला सोडून गेले, तरी प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, असे पौल सोळाव्या-सतराव्या वचनांत सांगतो. बहुतेक उपदेश इथे थांबतात. पत्र थांबत नाही. चारच वचनांनंतर, एकविसाव्या वचनात, तो तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी येण्याची शिकस्त कर म्हणून लिहितो. लवकर ये, हे त्याने नवव्या वचनातच लिहून टाकले होते. मधे प्रभूच्या सोबतीची एवढी मोठी साक्ष देऊनही ती मागणी त्याने मागे घेतली नाही, उलट तिला मुदत घातली. मुदतही विचार करून घातलेली आहे. त्या काळी भूमध्य समुद्रातली जहाजे साधारण नोव्हेंबर ते मार्च बंदरात उभी राहत. हंगाम टळल्यावर निघालेल्या जहाजाचे काय होते, हे पौलाने मिलिताच्या, म्हणजे माल्टाच्या, किनाऱ्यावर स्वतः भोगले होते. तीमथ्य त्या वर्षी निघाला नाही, तर पुढचे चार महिने कैद्याला ना माणूस दिसणार, ना अंगावर पांघरायला काही मिळणार. म्हणून त्रोवसास कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे आण, अशी यादीच त्याने दिली. देवावर भरवसा ठेवणारा माणूस थंडीत कुडकुडतो आणि झगा मागतो. त्याच्या भरवशात यामुळे काय उणे पडले?

त्याच अध्यायातली दुसरी गोष्ट याहून कमी पाहिली जाते. जवळ नसलेल्या प्रत्येकाला पौल एकाच टोपलीत टाकत नाही. देमासाने ऐहिक सुखाची आवड धरून मला सोडले, असे तो स्वच्छ लिहितो. क्रेस्केस गलतीयास आणि तीत दालमतियास गेला, एवढेच सांगतो. कारण देत नाही आणि दोषही लावत नाही. तुखिकाला तर त्यानेच इफिसास पाठवले होते. एरास्त करिंथात राहिला, त्रफिम मिलेतात आजारी पडला. आलेक्सांद्र तांबटाने पुष्कळ वाईट केले, त्याच्याविषयी तू जपून राहा, असा तो तीमथ्याला इशारा देतो आणि फेड प्रभूवर सोपवतो. जबाबाच्या दिवशी घाबरून दूर राहिलेल्यांसाठी मात्र हे त्यांच्या हिशेबी धरले न जावो, अशी विनंती करतो. एकटेपणाच्या भरात इतका बारकाईने विचार करणे सोपे नाही. आपल्याकडे सोडल्या गेलेल्या सेवकाच्या तोंडी पहिले वाक्य येते, 'सगळे उलटले.' खरोखर वही काढून नावे लिहिली तर निम्म्याहून जास्त नावांपुढे 'उलटला' लिहिता येत नाही. कोणाची बदली झालेली असते, कोणी घरच्या आजारपणात अडकलेला असतो, कोणाला आपल्यावर काय प्रसंग आला हे सांगितलेलेच नसते. भिणारा आणि घात करणारा यांना एकच शिक्षा दिली की भिणारा परत यायची वाट आपणच बंद करतो.

आता पहिल्या बाजूचे बळकट मुद्दे. ते खरेच बळकट आहेत. मनुष्यावर भिस्त ठेवणारा शापित, हे यिर्मयाच्या सतराव्या अध्यायात स्पष्ट आहे. गिदोनाकडे बत्तीस हजार माणसे होती. बावीस हजार भयाने परत गेली, दहा हजारांतून तीनशे उरली आणि देवाने तीनशेंनीच काम केले. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने १८३० मध्ये ठरावीक पगार नाकारला, पुढे हजारो अनाथ मुले सांभाळली आणि कोणत्याही माणसाकडे पैसा मागितला नाही. माणसांचा आधार पुष्कळदा दोरखंड होऊन गळ्यात पडतो, हेही खरे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला तो उगाच नाही. पगार देणाऱ्याच्या चौकटीत मावणार नाही असे काही त्यांना करायचे होते. आधार सुटला म्हणून मोकळी झालेली सेवा इतिहासात आहे, आणि हे नाकारणाऱ्याने इतिहास वाचलेला नाही.

पण हेच दाखले शेवटपर्यंत वाचू. यिर्मयाचेच पुस्तक घ्या. अडतिसाव्या अध्यायात सरदारांनी त्याला पहारेकऱ्यांच्या चौकातल्या हौदात दोरांनी सोडले. हौदात पाणी नव्हते, चिखल होता, आणि यिर्मया त्यात रुतला. ज्याने आयुष्यभर देवाचे वचन सांगितले त्याच्या बाजूने त्या दिवशी यरुशलेमेतला एकही याजक उठला नाही. उठला तो राजवाड्यातला एक परदेशी चाकर, एबद-मलेख कूशी. राजा बन्यामीन वेशीत बसला होता तिथे तो गेला, भर चावडीत बोलला, तीस माणसे मिळवली. मग त्याने जे केले ते सेवेत असलेल्या प्रत्येकाने सावकाश वाचावे. तो थेट हौदाकडे धावला नाही. आधी खजिन्याखालच्या खोलीत गेला, तिथून जुनीपुराणी फाटकी वस्त्रे आणि चिंध्या घेतल्या, त्या दोरांनी खाली सोडल्या आणि यिर्मयाला सांगितले, या बगलेत दोरांखाली घाल. चिखलात रुतलेले शरीर ओढून काढताना दोर काखेत रुततो, कातडी सोलून निघते. उपाशी माणसाच्या हाडांवर तर मांसही नसते. हे त्याच्या ध्यानात आले होते. पुढच्याच अध्यायात देव या एबद-मलेखाला निरोप पाठवतो: तुझा जीव वाचेल, कारण तू माझ्यावर भाव ठेवलास. मनुष्यावर भिस्त ठेवू नये असे बजावणारे जे पुस्तक, तेच पुस्तक हौदावर उभे राहून दोर ओढणाऱ्या आणि चिंध्या शोधणाऱ्या माणसाच्या कृतीला देवावरचा भाव म्हणते. काठावर उभे राहून 'यिर्मया, प्रभू आहे ना' असे ओरडणाऱ्याचा उल्लेख त्या पुस्तकात नाही.

म्यूलरचेही तसेच. 'एकट्या देवावर अवलंबून' म्हणून त्याचे नाव घेतले जाते, आणि त्याने मागितले नाही हे खरेच. पण तो एकटा नव्हता. १८३२ मध्ये ब्रिस्टलला आल्यापासून १८६६ पर्यंत हेन्री क्रेक त्याच्या खांद्याला खांदा लावून पाळकीय काम करत होता; चौतीस वर्षे. आलेल्या प्रत्येक देणगीची क्रमांक घातलेली पावती दिली जाई, दर वर्षी छापील अहवाल निघे, इमारती विश्वस्तांच्या नावावर होत्या. आपल्याकडे म्यूलरचे नाव घेऊन सेवा सुरू करणारे पुष्कळ भाऊ त्याची प्रार्थना घेतात. पावतीपुस्तक घेत नाहीत आणि क्रेकही घेत नाहीत. मग खजिनदार स्वतःच, सही स्वतःचीच, बँक खाते पत्नीच्या नावे, आणि पाच वर्षांनी एखाद्याने जाहीर सभेत हिशेब विचारला की 'माझा छळ होतो आहे' असे म्हणायची वेळ येते. त्या प्रसंगी जे लोक पांगतात ते सगळेच देमास असतात का? ज्याला दाखवायला वही नाही, त्याच्या बाजूने उभे राहायला मित्रांजवळ काय असते?

महाराष्ट्रात या प्रश्नावर बोलताना पंडिता रमाबाईंना वगळून चालत नाही, आणि त्यांचा दाखला दोन्ही बाजू अर्धवट देतात. विधवा आणि मुलींसाठीची त्यांची शाळा, शारदा सदन, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडली, पुढच्या वर्षी पुण्यात आली. १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, धर्मांतराकडे झुकतात, यावरून वादळ उठले. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. ज्या सुधारकांनी त्यांना हात दिला होता तेच दूर झाले. इथे एक कबुली प्रामाणिकपणे द्यायला हवी: बाहेर पडणाऱ्यांजवळ कारण होते. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर त्यांनी पालकांना शब्द दिला होता, आणि तो शब्द मोडला जातो आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले. रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचे दार बंदही करणार नाही. दोन्ही बाजू सचोटीच्या होत्या आणि तरीही साथ सुटली. सेवेतली बरीच ताटातूट अशीच असते. समोरच्याला विश्वासघातकी ठरवल्याशिवाय आपला एकटेपणा खरा ठरत नाही, हा समज आपण सोडायला हवा.

त्यानंतर रमाबाईंनी काय केले? प्रार्थना केली, अर्थात; म्यूलर, हडसन टेलर यांची चरित्रे वाचून देवावर विसंबायचे धडे घेतले. आणि पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला जमीन घेतली. अमेरिकेतल्या मंडळाने १८८७ मध्ये दिलेली मदतीची हमी दहाच वर्षांची होती. ती मुदत संपल्यावर शाळा कशावर चालणार, याचा विचार त्यांनी मुदत संपण्याआधी केला. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर संस्था उभी राहावी, ही त्या जमिनीमागची कल्पना. विहिरी खोदल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, तेव्हा ठेवायला जागा होती ती याच जमिनीवर. पुढे विणकाम, छापखाना, गोठा, शेती, असे एकेक काम उभे राहिले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले मराठी बायबल त्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून छापले. सल्लागार मंडळ गेले म्हणून केडगावची ही संस्था, मुक्ती मिशन, झाली, असे कोणी म्हणाले तर ते अर्धे खरे आहे. विहिरीला पाणी लागेल हा विश्वास होता. पण विहीर खोदलेली होती. आणि एक गोष्ट लक्षात घ्या: दुष्काळात टाकून दिलेल्या त्या शेकडो मुलींना रमाबाईंनी 'देव आहे ना' असे सांगून वाटेला लावले नाही. ज्यांना स्वतःला सोडले गेले होते, त्यांनी ते वाक्य कोणाच्या तोंडावर फेकले नाही.

खचण्याबद्दलही आपण फार कठोर बोलतो. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला वचन सांगितले नाही. त्याला झोपू दिले. मग दूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवून पुन्हा खायला दिले, कारण वाट लांबची होती. प्रश्न विचारला तो होरेबावर, चाळीस दिवसांनी. तिथेही एलीयाचे म्हणणे काय, तर 'मीच एकटा उरलो.' एकच अध्याय आधी ओबद्याने त्याला तोंडावर सांगितले होते की मी शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले आणि त्यांना अन्नपाणी पुरवले. एलीयाने ते ऐकले होते. थकलेल्या माणसाला ऐकलेलेही आठवत नाही. देवाने त्याला सात हजारांचा आकडा सांगितला आणि अलीशा दिला. या क्रमाला महत्त्व आहे: झोप, अन्न, पुन्हा झोप, मग प्रश्न, मग सोबती. आपण पहिल्याच दिवशी उपास-प्रार्थनेला बसवतो. आठवडाभर नीट न झोपलेल्या, जेवण तुटलेल्या सेवकाला तीन दिवसांचा उपास सांगणे ही चूक आहे. त्याने त्याची काळोखी वाढते. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टरकडे न्या; १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या, सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते. गोळी घेणाऱ्या पाळकाचा विश्वास कमी झाला असे म्हणणाऱ्याने आधी त्या दूताला जाब विचारावा.

त्या पहिल्या काही दिवसांत आणखी काय बिघडते, तेही सांगायला हवे. बहुतेक वेळा तीन गोष्टी हातून जातात. राग आला की त्याच रात्री राजीनामा व्हॉट्सअॅपवर जातो, किंवा येत्या रविवारी व्यासपीठावरून नाव न घेता उत्तर दिले जाते, आणि घरच्यांना यातले काहीच ठाऊक नसते. व्यासपीठ उत्तर देण्यासाठी नाही. तिथून बोललेले वाक्य मंडळी विसरत नाही आणि समोरच्याला तिथे बोलायची सोय नसते. राजीनामा लिहावाच वाटला तर लिहावा, पण तारीख न घालता दोन आठवडे घरात ठेवावा आणि मंडळीच्या एका विश्वासू वडिलांना (एल्डरना) दाखवावा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम जसा आहे तसा पाळावा: आधी एकट्याने एकट्याकडे, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आरोप सेवकावर असेल तर दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय तो ऐकूनच घेऊ नये, असे पौलाने तीमथ्याला सांगितले आहे. त्याच श्वासात पाप करणाऱ्या वडिलांना सर्वांसमक्ष दोष दाखव, असेही. पहिला नियम मोडला तर निर्दोष सेवक चिरडला जातो, दुसरा मोडला तर दोषी सेवक 'छळ झालेला' म्हणून मिरवतो. पैशाचा प्रश्न उठला असेल तर कोणी मागण्याची वाट न पाहता रोकड, पासबुक आणि पावतीपुस्तक दोघांच्या हाती द्यावे, मोजून द्यावे, पोच लिहून घ्यावी आणि झेरॉक्स आपल्याजवळ ठेवावी. अफवेला यासारखे दुसरे उत्तर नाही.

एक अवघड गोष्ट आहे आणि ती टाळून हा विषय पुरा होणार नाही. ज्याला आपण सोडला गेलेला सेवक म्हणतो, त्याने स्वतः कोणाला सोडले होते? टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो लक्ष्मीबाईंना न सांगता. आपल्या धर्मेतिहासात टिळकांच्या वाट्याला आलेला नातलगांचा तुटलेला संबंध ठळकपणे येतो. त्या बाईंच्या वाट्याला पुढची सुमारे पाच वर्षे काय आले, ते आपण त्यांच्याच लेखणीतून शिकलो. मिशनरी विल्यम केरीचे मराठीवर ऋण आहे. १८०५ मध्ये त्यांनी मराठी व्याकरण छापले, १८११ मध्ये मराठी नवा करार. पण त्यांची पत्नी डॉरोथी १७९३ मध्ये मनाविरुद्ध जहाजात चढली, वर्षभराने पाच वर्षांचा मुलगा गेला, तिचे मन ढळले ते १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरले नाही. केरींच्या चिकाटीवर आपण उपदेश करतो. डॉरोथीला देवावर भरवसा ठेवायला कोणी शिकवावे, असा प्रश्न मला पडत नाही. तिच्याजवळ कोणी बसले का, हा पडतो. सेवकाच्या घरातली स्त्री आणि मुले ही सेवेसाठी सोडून द्यायची गोष्ट नाही. आणि घर तुटल्यावर 'मंडळीने मला एकटे पाडले' अशी साक्ष द्यायची असेल, तर ती आधी घरात देऊन पाहावी.

दुसरी बाजू, म्हणजे करारवाले, यांच्याशी माझे भांडण कमी आहे. सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी असे प्रभूनेच ठरवले आहे, हे पौल करिंथकरांना लिहितो. सेवक मंडळीच्या घरात तीस वर्षे राहतो आणि निवृत्तीच्या दिवशी त्याला ते घर रिकामे करून द्यावे लागते. ज्याने शंभर घरांचे अर्पण केले त्याच्या नावावर एक खोली नसते. वीसपेक्षा कमी नोकर असलेल्या संस्थेला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यामुळे एका पाळकाच्या स्वतंत्र मंडळीत फंड कापला जात नाही. पण नॅशनल पेन्शन सिस्टीममध्ये कोणत्याही सामान्य नागरिकाला खाते उघडता येते. मंडळीने दरमहा त्यात ठरावीक रक्कम भरावी, आरोग्य विम्याचा हप्ता भरावा, आणि हे दोन्ही वार्षिक अंदाजपत्रकात 'दान' या सदराखाली न टाकता 'देणे' म्हणून लिहावे. इथपर्यंत मी करारवाल्यांबरोबर आहे.

त्यांचे चुकते ते पुढे. विश्वासाचे बोलणे म्हणजे फसवणूक, असे ते म्हणतात तेव्हा फिलिप्पैकरांच्या पत्राकडे पाहावे. चौथ्या अध्यायात पौल म्हणतो, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. आणि लगेच म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे चांगले केले. थेस्सलनीकात असताना तुम्ही एकदा नव्हे दोनदा माझी गरज भागवलीत, दुसऱ्या कोणत्याही मंडळीने ते केले नाही, असे नाव घेऊन सांगतो. तृप्ती आणि गरज त्याला एकाच परिच्छेदात सांगता येते. कराराने पगार वेळेवर येतो, आणि तो यावाच. पण अंत्यविधी करून रात्री अकराला परतलेल्या, वाटेत जमावाच्या शिव्या खाल्लेल्या सेवकाला दार उघडून कोण देणार, हे करारात लिहिता येत नाही. अनेसिफराजवळ कोणता करार होता? तो रोममध्ये आला, कैदेतल्या माणसाला शोधत हिंडला, सापडेपर्यंत हिंडला आणि त्याच्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही. त्या काळी कैद्याला बाहेरून कोणी आणले तर अन्नवस्त्र मिळे. त्यामुळे त्याचे शोधणे म्हणजे भाकरीच होती.

आणि कोणीच आले नाही तर? हा प्रश्न दोन्ही बाजू टाळतात. कधी कधी खरोखर कोणी येत नाही. तीमथ्याचे जहाज चुकते, एबद-मलेख त्या शहरात नसतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मित्रांनाही तू दूर केलेस म्हणत अंधारातच संपते, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेले आहे. गेथशेमानेत प्रभूने तीन शिष्यांना सांगितले, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, इथे राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा. पित्याशी एकरूप असलेल्यानेही माणसांची सोबत मागितली, ती मिळाली नाही, तीन वेळा जाऊन पाहिले तरी ते झोपलेले. त्याच रात्री तो म्हणाला होता की तुम्ही मला एकटे सोडाल, तरी मी एकटा नाही, पिता माझ्याबरोबर आहे. दोन्ही वाक्ये त्याच्याच तोंडची आहेत. म्हणून मी त्या एकट्या सेवकाला सांगेन की माणसांची वाट पाहणे पाप नाही. त्यांच्या न येण्याने तुझ्याजवळचा देव दूर गेला असेही नाही. रोज संध्याकाळी एक स्तोत्र मोठ्याने वाच, स्वतःच्या कानांना ऐकू येईल असे. जे काम हातात आहे त्यातले लहानात लहान कर: एका आजाऱ्याला भेट, एका घरी प्रार्थना. पौलाने जबाबाच्या त्या दिवशी, बाजूला एक माणूस नसताना, हेच केले. तिथेच सुवार्ता सांगून टाकली.

राहता राहिले सोडून गेलेले, आणि त्यांना परतायची इच्छा असेल तर काय करायचे ते. पंफुल्यातल्या पिर्गाहून मार्क पौलाची साथ सोडून माघारी गेला होता. त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतके पेटले की दोघे वेगळे झाले. बर्णबाने मार्कला सोबत घेतले. आणि शेवटच्या पत्रात तोच पौल लिहितो, मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधली वर्षे कशी गेली ते शास्त्रात नाही, पण कोणीतरी कोणाच्या तरी दाराशी गेल्याशिवाय ते झाले नसणार. तेव्हा फोनवर 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करत होतो' असे सांगून मोकळे होऊ नका. जोडीने घरी जा, चहा घ्या, आधी ऐका. सेवकाची पत्नी बोलत असेल तर तिला मधे थांबवू नका. थकलेले मानधन किती महिन्यांचे ते खजिनदाराकडून काढून घ्या आणि एकरकमी द्या, हप्त्यांनी नको. आणि ज्या वार्षिक सभेत त्याच्यावर आरोप झाला, त्याच सभेत तो नाव घेऊन मागे घ्या आणि इतिवृत्तात तसे लिहून वडिलांच्या सह्या घ्या.